चँडलर : वाळवंटातलं गाव आणि पाण्याचा हिशेब

मे महिन्यात आपल्या हॉस्टेलचं पाणी सकाळी सव्वासातला जातं, हे कुणाला नव्याने सांगायला नको. ज्याची बादली भरली तो राजा, बाकीचे परफ्यूम मारून लेक्चरला! गेल्या वर्षी अशाच एका सकाळी रिकामी बादली घेऊन रांगेत उभा होतो आणि आमच्या एका सीनियरचा फोन आला. हा सीनियर याच हॉस्टेलचा माजी रहिवासी. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत एम. एस. केलं आणि आता तिथून जवळच्याच चँडलर नावाच्या शहरात नोकरी करतो. मी सवयीप्रमाणे पाण्याचं रडगाणं सुरू केलं. तर तो म्हणाला, "अरे, आमच्याकडे वर्षाला आठ-नऊ इंच पाऊस पडतो. सगळं वाळवंट. तरी नळ चोवीस तास चालू. तू सिव्हिलचा ना? मग शोध की, कसं ते!"

सिव्हिलवाल्याला असं कुणी बोललं की झोंबतंच. दोन सबमिशनं बाजूला ठेवून मी या चँडलरच्या मागे लागलो. मला वाटलं होतं, एखादं मोठं धरण, एक कालवा, चार पंप, संपला विषय. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की पाणी कुठून आलं हा प्रश्न सोपा आहे. ते कुणाचं होतं आणि कुणाला मिळालं, हा खरा पेपर आहे.

आधी थोडा भूगोल. अमेरिकेच्या नैऋत्येला अ‍ॅरिझोना राज्य, त्याची राजधानी फिनिक्स, आणि फिनिक्सच्या आग्नेयेला लागून चँडलर. सगळा भाग सोनोरन वाळवंटातला. म्हणजे राजस्थानसारख्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. कडक जमीन, उंच निवडुंग आणि उन्हाळ्यात भट्टी. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर होतं. अशा ठिकाणी १९८० साली चँडलरची वस्ती होती जेमतेम ३० हजार. १९९० ला ती ९० हजारांच्या आसपास गेली. २००० च्या जनगणनेत १,७६,५८१ आणि २०२० मध्ये २,७५,९८७. चाळीस वर्षांत नऊपट! वाळवंटात असं शहर वाढतं, तेव्हा कुणीतरी कुठेतरी फार मोठा हिशेब मांडलेला असतो.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो होहोकाम लोकांनी. साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून १४५० पर्यंत सॉल्ट आणि गिला या दोन नद्यांच्या खोऱ्यात हे लोक शेती करत होते. त्यांनी शेकडो मैल लांबीचे कालवे खणले. लाकडी आणि दगडी अवजारांनी! ना डम्पी लेव्हल, ना थिओडोलाइट. तरी उतार असा साधलेला, की पाणी वाहतं राहील पण काठ खाणार नाही. आपण सर्व्हे कॅम्पला क्लोजिंग एरर लपवताना काय काय करतो ते आठवा, आणि मग या लोकांना नमस्कार करा. पंधराव्या शतकात ही संस्कृती ओसरली. १८६७ साली गोरे वसाहतवाले इथे आले तेव्हा त्यांनी सरळ हेच जुने कालवे साफ करून वापरायला घेतले. जुन्या वस्तीच्या अवशेषांवर नवं शहर उभं राहतंय म्हणून नाव दिलं फिनिक्स, राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं.

पण अवशेष म्हणावं तर होहोकामांचे वंशज तिथेच होते. अकिमेल ओ'ओधम, म्हणजे 'नदीचे लोक'. इंग्रजीत त्यांना पिमा म्हणत. ते गिला नदीच्या पाण्यावर गहू पिकवायचे आणि तिथून जाणाऱ्या प्रवाशांना, सैन्याला विकायचे. चांगले सधन शेतकरी होते. १८५९ मध्ये त्यांच्यासाठी राखीव प्रदेश आखला गेला. त्यानंतरच्या दशकांत नदीच्या वरच्या अंगाला वसाहतवाल्यांनी पाणी वळवून घेतलं. खाली नदी कोरडी पडली. जे लोक दुसऱ्यांना धान्य विकत होते त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. हा राखीव प्रदेश आज चँडलरच्या अगदी हद्दीला लागून आहे, दक्षिणेला आणि पश्चिमेला. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ज्याचं नाव गावाला आहे तो माणूस. डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर, कॅनडातल्या क्विबेकचा. डॉक्टर म्हणजे जनावरांचा डॉक्टर! १८८७ साली अ‍ॅरिझोनाचा पहिला सरकारी पशुवैद्यक म्हणून आला. गुरांची तपासणी करता करता त्याच्या ध्यानात आलं, की इथे पैसा गुरांत नाही, पाण्यात आहे. १८९१ मध्ये त्याने मेसा गावाच्या दक्षिणेला ८० एकर जमीन घेतली, सिंचनाचं इंजिनिअरिंग शिकला, कालवा कंपनी काढली आणि १९०० पर्यंत त्याच्या ताब्यात १८ हजार एकरांचं रँच होतं. (पशुवैद्यक सिंचन शिकतो आणि आपण चार वर्षं सिव्हिल शिकून बँकेच्या परीक्षा देतो. असो.)

पुढची पायरी धरणाची, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला. १९०२ साली अमेरिकेत रेक्लमेशन अ‍ॅक्ट आला: केंद्र सरकार धरणं बांधेल, शेतकरी हप्त्याने पैसे फेडतील. सॉल्ट नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये संघ काढला आणि आपल्या जमिनी तारण ठेवल्या. १९०५ ते १९११ या काळात रूझवेल्ट धरण उभं राहिलं. २८० फूट उंच, दगडी बांधकामाचं, त्या वेळी जगातलं त्या प्रकारचं सर्वांत उंच. १८ मार्च १९११ ला माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः उद्घाटनाला आले. आता गंमत अशी, की या कायद्यात एक अट होती. एका मालकाला १६० एकरांपुरतंच धरणाचं पाणी मिळणार. डॉक्टरसाहेबांकडे तर १८ हजार एकर! मग त्यांनी काय केलं? जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले आणि मधोमध एका गावाचा आराखडा आखला. म्हणजे हे गाव जन्माला आलं ते सिंचन कायद्यातल्या एका कलमामुळे.

१७ मे १९१२ ला विक्रीचं ऑफिस उघडलं. खास रेल्वेगाड्यांनी तीनशेच्या आसपास गिऱ्हाईकं आली आणि पहिल्याच दिवशी ५० हजार डॉलरची जमीन खपली. आपल्याकडे हायवेलगत एन. ए. प्लॉटच्या साइट व्हिजिटला बस भरून नेतात, तसंच हे. मात्र प्लॅन चांगला होता. मध्ये बाग, भोवती दुकानं आणि दुकानांपुढे छत असलेला पदपथ, म्हणजे माणसाला उन्हात न जाता गावभर हिंडता यावं. सावली हीसुद्धा तिथे पायाभूत सुविधाच! १९१३ च्या नोव्हेंबरात सॅन मार्कोस हॉटेल उघडलं. जागेवर ओतलेल्या आरसीसीची, त्या राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी एक. श्रीमंत लोक थंडी टाळायला तिथे येत. पुढे डॉक्टरांनी वाळवंटात आणखी एक भव्य हॉटेल बांधायचं ठरवलं आणि आराखड्यासाठी फ्रँक लॉइड राइटला बोलावलं. राइटने १९२९ मध्ये तिथे लाकूड आणि कॅनव्हासचा तळ ठोकला, नकाशे तयार केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि हॉटेल कागदावरच राहिलं. मंदीत सॅन मार्कोसही डॉक्टरांच्या हातून गेलं.

पण त्याआधी कापसाचं प्रकरण झालं होतं. पहिल्या महायुद्धात गाड्यांच्या टायरमध्ये आत लांब धाग्याच्या कापसाची कॉर्ड वापरत, आणि हा कापूस इजिप्तहून यायचा. युद्धामुळे तो अडला. गुडइयर कंपनीने चँडलरजवळ हजारो एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तसाच कापूस लावला. वेचणीला माणसं हवीत म्हणून मेक्सिकोतून हजारो मजूर आणले. १९२० च्या अखेरीस कापसाचा भाव पडला. पांढऱ्या सोन्याचा भाव पडला की काय होतं, हे विदर्भातल्या मित्रांना मी सांगायला नको. पण तिथे फार हाल झाले ते मजुरांचे. मजुरी थकली, परत जायला भाडं नाही. काही तिथेच राहिले आणि गावाचा भाग झाले. शहामृगांचंही असंच. बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन होती म्हणून डॉक्टर आणि इतरांनी शहामृगं पाळली. फॅशन गेली, धंदा बुडाला. आता १९८९ पासून गावात शहामृगांच्या नावाने जत्रा मात्र भरते.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ला शेजारी विल्यम्स फील्ड हा वैमानिक प्रशिक्षणाचा तळ आला आणि १९९३ ला बंद झाला. त्यावर वेगळा लेख होईल. आपल्या कामाची गोष्ट १९८० ची. त्या वर्षी इंटेलने चँडलरमध्ये पहिला कारखाना सुरू केला. १९९६ मध्ये ओकोटिओ भागात मोठा फॅब, मग २००१ आणि २००७ ला पुढचे.

ई अँड टीसीवाल्यांना माहीत असेल, वेफर प्रत्येक पायरीला धुवावी लागते, आणि त्याला लागतं अल्ट्राप्युअर पाणी. इतकं शुद्ध, की त्याची रोधकता १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते जवळजवळ इन्सुलेटर! आता वाळवंटात असा कारखाना कशाला, असा प्रश्न मीही सीनियरला विचारला. त्याचं उत्तर: जमीन हलत नाही, हवा कोरडी, वीज भरवशाची, आणि पाणी 'वापरून संपत' नाही, ते परत मिळवता येतं. इथे शहराची कमाल आहे. चँडलर आपलं सगळं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतं. काही बागांना आणि गोल्फच्या मैदानांना, काही कारखान्याच्या कूलिंग टॉवरना, काही विहिरींतून जमिनीच्या पोटात परत. व्हेटरन्स ओएसिस नावाच्या ११३ एकरांच्या पार्कमध्ये तर असं पाणी जिरवण्याच्या तळ्यांवर पक्षी बघायला लोक पोराबाळांना घेऊन येतात. अडचण उरते मिठाची. आरओमधून चांगलं पाणी काढून घेतलं की मागे राहतं ते खारं पाणी, आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. म्हणून ते आटवण्यासाठीही वेगळा प्रकल्प शहराला कंपनीबरोबर उभा करावा लागला. आपल्या मेसच्या आरओची वाया जाणारी नळी गटारात सोडलेली आहे, ती एकदा जाऊन बघा.

१९८० या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनाने भूजल कायदा केला. त्यातून नियम आला: नवी वसाहत बांधायची असेल तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी असल्याचा पुरावा द्या, मगच प्लॉट विका. आपल्याकडे शंभर दिवसांचा पुरावा मागितला तरी निम्मे बिल्डर घरी बसतील! या पुराव्यासाठी आधार मिळाला कोलोरॅडो नदीचा. सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्ट हा ५४१ किलोमीटरचा कालवा, काम १९७३ ते १९९३. राज्याच्या पश्चिम सीमेवरून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने सुमारे २,९०० फूट वर चढवत टूसॉनपर्यंत न्यायचं. अ‍ॅरिझोनात सर्वांत जास्त वीज खाणारा ग्राहक हाच. कितीतरी वर्षं ही वीज कोळशाच्या एका केंद्रातून येई. ते २०१९ मध्ये बंद झालं.

आणि आता ही नदीच आटू लागली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडोवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साली अ‍ॅरिझोनाच्या वाट्यातून ५,१२,००० एकर-फूट कापले गेले. (एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभं पाणी, साधारण १२ लाख ३३ हजार लिटर.) जून २०२३ मध्ये सरकारने सांगितलं, की फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना परवानगी नाही. चँडलरने तर २०१५ मध्येच नियम केला होता, की मोठ्या उद्योगाला ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी हवं असेल तर त्यातून शहराला काय मिळणार ते आधी बघू.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले नदीचे लोक आता पुन्हा येतात. त्यांनी हक्काच्या पाण्यासाठी कित्येक दशकं कोर्टकचेरी केली. शेवटी २००४ च्या कायद्याने गिला रिव्हर समुदायाला वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाणी मान्य झालं. आपल्या भाषेत साडेअठ्ठावीस टीएमसी. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून जेवढी, जवळपास तेवढं. त्यातला मोठा भाग त्याच कोलोरॅडोच्या कालव्यातून. या समझोत्यात चँडलर आणि मेसा या शहरांशी अदलाबदलीचा करारही आहे: शहरांनी पाच भाग शुद्ध केलेलं सांडपाणी समुदायाच्या शेतीला द्यायचं, बदल्यात चार भाग कोलोरॅडोचं पाणी घ्यायचं. ज्यांची नदी एकदा सगळ्यांनी मिळून कोरडी केली, त्यांच्या दारात आज शहरं पाण्यासाठी उभी आहेत. २०२४ मध्ये या समुदायाने आपल्या कालव्यावर सोलर पॅनेल बसवले, अमेरिकेतला असा पहिलाच प्रकल्प. खाली बाष्पीभवन कमी, वर वीज. ही युक्ती आपल्याकडून गेलेली आहे. गुजरातमध्ये नर्मदेच्या शाखा कालव्यावर २०१२ साली असे पॅनेल बसले होते.

पाण्याचं असं, माणसांचं काय? १९९७ च्या जुलैत, घरांची बांधकामं जोरात असताना, चँडलरच्या पोलिसांनी सीमा दलाबरोबर पाच दिवस मोहीम काढली आणि कागदपत्रं नसलेल्या चारशेहून अधिक लोकांना पकडलं. पण रंगावरून माणसं हेरल्यामुळे रस्त्यात, दुकानाबाहेर अडवलेल्यांत अमेरिकेतच जन्मलेले मेक्सिकन वंशाचे नागरिकही निघाले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी तिथला कापूस वेचला, त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने ताशेरे ओढले, खटला झाला आणि १९९९ मध्ये शहराने चार लाख डॉलर देऊन तो मिटवला. आज शहरात पाचात एक जण लॅटिनो आणि दहात एक आशियाई वंशाचा आहे. त्यात आपले लोक पुष्कळ. जानेवारीत बहुसांस्कृतिक महोत्सव भरतो, आणि गणपतीच्या दर्शनाला आपली मंडळी दक्षिणेला मॅरिकोपा गावातल्या महागणपती मंदिरात जातात. सीनियर म्हणतो, "इथे आलो तेव्हा हे १९९७ चं प्रकरण मला कुणी सांगितलं नाही. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने सांगितलं, आणि मग मीही बरेच दिवस पासपोर्टची झेरॉक्स खिशात ठेवून हिंडत होतो."

नवीन तंत्रज्ञान तिथे लोक मुकाट्याने घेतात असंही नाही. २०१७ पासून वेमोच्या विनाचालक गाड्या चँडलरच्या रस्त्यांवर लोकांना घेऊन फिरू लागल्या, तर दोनेक वर्षांत त्यांच्यावर दगडफेक, टायर फाडणं असे २१ तरी प्रकार झाले. डेटा सेंटरच्या कूलिंगचा अखंड घूं-घूं आवाज झोपू देत नाही म्हणून रहिवासी वर्षानुवर्षं भांडले. २०२२ मध्ये शहराने त्यासाठी नियम कडक केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये एका नव्या डेटा सेंटरचा प्रस्ताव नगर परिषदेने एकमताने फेटाळला. नोकऱ्यांचंही पक्कं काही नाही. इंटेलचा फॅब ४२ बघायला २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा येऊन गेले, आणि इमारत पुढे कित्येक वर्षं रिकामी राहिली. ती चालू झाली २०२० मध्ये. २०२५ च्या जुलैत कंपनीने तिथल्या सुमारे सातशे जणांना कमी केलं, आणि ऑक्टोबरात त्याच आवारातल्या नव्या फॅब ५२ मध्ये उत्पादन सुरू झाल्याचं जाहीर केलं. प्लेसमेंटच्या तयारीत असलेल्यांनी दोन्ही तारखा एकत्र वाचाव्यात.

एक गोष्ट राहिली. नाताळात तिथे झाड सजवायचं, तर वाळवंटात सुरूचं झाड आणणार कुठून? म्हणून १९५७ पासून चँडलरचे लोक वाऱ्यावर गडगडत येणारी सुकलेली काटेरी झुडपं, टम्बलवीड, गोळा करतात. हे खरं तर रशियाकडून आलेलं तण, शेतकऱ्याला नकोसं झालेलं. अशी हजारेक झुडपं जाळीच्या सांगाड्यात खोचतात, पांढरा रंग देतात, आग लागू नये म्हणून रसायन फवारतात, चमकी टाकतात आणि दिवे लावतात. गावच्या मधल्या बागेत, डॉक्टर चँडलरांनी आखलेल्या. सीनियरने मागच्या डिसेंबरात फोटो पाठवला. हाताला काट्यांचे ओरखडे आणि नाकाला पांढरा रंग. खाली लिहिलं होतं, "झुडपं गोळा करायला गेलो होतो. तुमच्या टाकीला मीटर बसला का रे?"

नाही बसला. अर्ज दिलेला आहे.